हिरवं दिसलं की वळा

मी कॅनडा पाहिलेला नाही, आणि या गुडघ्यांचा एकंदर रंग बघता आता पाहीन असंही वाटत नाही. पण कॅनडाला कधी रेल्वेत, कधी जीपमध्ये शेजारी बसवून आमच्याच नांदेड-लातूरच्या मुलखात मी सहा दिवस हिंडले, त्याची ही हकिगत. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहितेय. ज्यांनी पाहिलाय ते माझ्या चुका काढतीलच, त्यांना तेवढंच काम असतं.

कॅनडा म्हणजे माझी भाची सुजाता. तिकडच्या राजधानीत, ओटावात, एका छोट्या संस्थेत नोकरी करते. "काम काय करतेस गं नेमकं?" असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, मोठी माणसं गुपचूप कुठं जमतात, त्यावर नजर ठेवते."

मी म्हटलं, "अगं बाई, हे काम तर आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका फुकटात करतात!"

हसली, पण मग तिनं नीट सांगितलं. तिकडं वर्षातनं एखाद-दोनदा डोंगरातल्या, तळ्याकाठच्या एखाद्या हॉटेलात मंत्री, कारखानदार, बँकवाले, पेपरचे संपादक जमतात. आमंत्रण असेल तरच प्रवेश. फोन बाहेर ठेवायचा. आत काय बोलणं झालं त्याची कुठं नोंद नाही, आणि कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही. विरोधी पक्षाचेही येतात, शेजारीच बसतात. पुढं काही महिन्यांनी सरकारच्या एखाद्या भाषणात अचानक नवेच शब्द येतात, आणि हिच्या संस्थेतले लोक डोकं खाजवतात की हे शब्द त्या तळ्याकाठचे तर नव्हेत? एखादा फारसा कुणाला माहीत नसलेला पुढारी तिथं बोलावला जातो आणि नंतर एकदम वर चढतो. तो चढणार होता म्हणून बोलावला, की बोलावला म्हणून चढला? पाच वर्षं झाली, सुजाता एवढंच शोधतेय. आत कोण गेलं ते कळतं, आत काय झालं ते कळत नाही.

पण ती इकडं आली होती ती यासाठी नाही. ती आली होती बापाला उचलून न्यायला.

शुक्रवार, किनवटची गाडी

सुजाताचा बाप म्हणजे माझे भाऊजी, गौतमराव. माझी थोरली बहीण जाऊन सहा वर्षं झाली. भाऊजी रेल्वेत गँगमन होते. रुळावर हातोडी मारत त्यांनी पोरीला शिकवलं, आणि आता किनवटच्या पुढं, जंगलातल्या एका हॉल्ट स्टेशनाच्या गावात एकटे राहतात. गावाचं नाव लिहीत नाही, भाऊजी रागावतील. दोन्ही किडन्या गेल्या आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीनं नांदेडला यायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला हात देऊन पडायचं, आणि संध्याकाळी परत जायचं. मशीन जवळपास कुठं नाहीच. मी किती वेळा म्हटलं, "भाऊजी, इथं नांदेडला माझ्याकडं राहा, घर मोठं आहे." त्यांचं उत्तर ठरलेलं: "मास्तरीणबाई, तुमच्या घरात सकाळी रेडिओ लई मोठ्यानं लागतो."

त्या वर्षी दुष्काळ कसा होता ते आठवत असेल. पुढं उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं, तेच वर्ष. त्या शुक्रवारी मी आणि सुजाता भाऊजींबरोबर गाडीनं निघालो तेव्हा जानेवारीच होता, पण भोकर सोडल्यावर खिडकीतनं दिसणारी जमीन आत्ताच मे महिन्याची झाली होती. सागाची पानं गळून गेलेली, नाल्यांत नुसते गोटे. भाऊजी डायलिसिसनं थकलेले, खिडकीला डोकं टेकून बसले होते. सुजातानं पाण्याची बाटली पुढं केली तर म्हणाले, "नको. दिवसाचं एक लिटर हाय मला. डॉक्टरनं मला दुष्काळाची प्रॅक्टिस आधीच देऊन ठेवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सुजातानं बॅगेतनं व्हिसाचे कागद काढले. तिकडचे दवाखाने, तिथलं मशीन, तिच्या घरातली खोली, सगळं समजावून सांगितलं. भाऊजींनी मान हलवत ऐकून घेतलं. पोरगी शाळेत पाढे म्हणायची तेव्हाही ते असेच मान हलवायचे. मग म्हणाले, "आता कसं येऊ? जिल्हा होऊन राहिला."

आमच्या त्या भागाचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून तीस वर्षं एक कृती समिती आहे. भाऊजी अध्यक्ष. सचिव नामदेवराव, गावातले शेतकरी, भाऊजींचे बालमित्र. निवेदनं द्यायची, धरणं धरायचं, पुन्हा निवेदन द्यायचं, असं चाललेलं. त्या साली सगळीकडं हवा होती की सव्वीस जानेवारीला नवे जिल्हे जाहीर होणार.

"जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतो," भाऊजी बोटांवर मोजत म्हणाले, "दवाखाना आला की मशीन येती. मग मला कुठं जायचं कामच न्हाई. आन् अध्यक्षच पळून गेला तर लोक काय म्हणतील?"

"आणि नाही झाला तर, बाबा?"

"होणार हाय."

सुजाता माझ्याकडं बघायला लागली. तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग आला, भाऊजींचाही आला, आणि मेलेल्या बहिणीचासुद्धा आला की हे सगळं माझ्यावर टाकून गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी मला एकटीला गाठून सांगितलं होतं की आठवड्याला हे दोन प्रवास या माणसाला फार दिवस झेपायचे नाहीत. मी ते सुजाताला सांगितलं होतं. भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना माहीत नव्हतं असंही नाही.

मग मला शैला आठवली. शैला माझी डी.एड.ची मैत्रीण, लातूरची. तिचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, आपल्या शेतात दर जानेवारीला हुरडा पार्टी करतात. त्या पार्टीला कोण कोण येतं ते पेपरात कधी येत नाही, पण तिकीट कुणाला, बदली कुणाची, तालुका कुठं, हे सगळं तिथंच ठरतं असं आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगतं. सोमवारी तीच पार्टी होती आणि शैलानं मला बोलावलं होतं. "ये, पण कुठं बोलू नको बाई," असंही म्हणाली होती.

सुजाताला हे सांगितलं तर ती ताठच बसली. म्हणाली, "मावशी, पाच वर्षांत मला एकदाही आत जाता आलं नाही."

रविवार, उमरी आणि नायगाव

भाऊजी मागे राहिले. किनवटहून इरफानभाईंची जीप केली. भोकरवरनं उमरीला उतरलो. चहा प्यायलो. चहावाल्यानं कप धुवायची पद्धत बंद केली होती, कागदाचेच कप. सुजातानं त्याला विचारलं, "काका, उमरी तालुका झाला तेव्हा काय बदललं?"

"बदललं की," तो म्हणाला. "आधी पाटी आली. मंग साहेब आले. मंग साहेबांच्या गाडीसाठी सावलीला एक झाड लागतंय म्हणून माझा गाडा इकडं सरकवला." वर हसून म्हणाला, "पण कागदाला लांब जाणं वाचलं, खोटं कशाला बोलू."

नायगावला जीप पंक्चर झाली. स्टेपनी काढली तर तीही पंक्चर. इरफानभाईंनी कपाळावर हात मारला, "मॅडम, माफी. कल देखनाच भूल गया." दीड तास आम्ही एका पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलो. गिरणीतल्या बाईनं विचारलं, "पोरगी कुठली?" मी सांगितलं, कॅनडाची. तिनं सुजाताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मंग इतकी काळी कशी?" सुजाता इतकी हसली की तिला ठसका लागला. आल्यापासून पहिल्यांदाच ती मोकळी हसली. बाईनं तिला लोटीभर पाणी दिलं, आणि ते पाणी किती मोलाचं होतं हे आम्हाला रात्री लातूरला पोचल्यावर कळलं. लातूरला शैलाच्या घरी पाणी देताना विचारतात, "अर्धा की पूर्ण?" म्हणजे पेला. पूर्ण म्हणायची कुणाची छाती होत नाही. पाहुण्याला अर्ध्या पेल्याची लाज वाटू नये म्हणून घरचे आधी स्वतः अर्धा घेतात. तिकडं तळ्याच्या काठी जमणाऱ्या लोकांना हे दाखवायला पाहिजे, असं सुजाता म्हणाली.

सोमवार, निलंग्याकडचा रस्ता

शैला पहाटेच स्वयंपाकवाल्या बायकांना घेऊन शेतावर गेली. जाताना शेताचा पत्ता सांगून गेली, तो असा: "निलंग्याच्या रस्त्याला लागा. कुणाला विचारू नका. हिरवं दिसलं की वळा."

एवढी गुप्तता पाळली, फोन घेतले, तोंडं बंद केली, पण हुरड्याला कोवळी ज्वारी लागते आणि कोवळ्या ज्वारीला पाणी लागतं. सगळा मुलूख करपलेला असताना हिरवा तुकडा लपवायचा कुठं? रस्त्यानं जाणाऱ्या शेरडं राखणाऱ्यालाही कळत होतं की मोठी माणसं कुठं बसली आहेत.

"मॅडम, हरा दिख रा," इरफानभाई म्हणाले आणि वळले. आम्ही आत गेलो तर निघाला ऊस! सुजाता उतरली, डोक्याला टोपी, गळ्यात कॅमेरा, हातात वही. उसाच्या राखणदारानं तिला बघितलं आणि त्याचं तोंडच उतरलं. धावत जाऊन त्यानं पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर खांद्यावरचा पंचा टाकला आणि त्यावर चक्क बसला. "बन्नी बन्नी बाई, बसा," कानडीत स्वागत करायला लागला, "ऊस तर वाळून गेलाय बघा सगळा." त्याला वाटलं, दुष्काळ पाहणीचं पथक आलंय. मागं पाट खळखळ वाहत होता. मी म्हटलं, "मामा, तुम्ही बसा निवांत, आम्ही हुरड्याला चाललोय." त्यानं इतका मोठा श्वास सोडला की काय सांगू. "मंग पुढचं हिरवं," म्हणाला.

पुढच्या हिरव्यात फाटकाशी एक माणूस कोंबड्या झाकायचं डालगं घेऊन उभा होता. सगळ्यांचे फोन त्या डालग्याखाली. सुजातानं स्वतःचा फोन ठेवला आणि माझ्या कानात म्हणाली, "तिकडं कुलपाची पेटी असते. एवढाच फरक."

पुरुषांची बैठक आंब्याखाली, बायकांची बाभळीखाली, आणि दोन्हींच्या मधे गोवऱ्यांची आगटी. कणसं निखाऱ्यात भाजायची, गरमागरम हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा, की हिरवे मोत्यासारखे दाणे तयार. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. गुळभेंडी ज्वारीचा तो हुरडा तोंडात टाकला आणि मी क्षणभर जिल्हा, किडनी, कॅनडा सगळं विसरले. खोटं कशाला बोलू. सुजातानं घाई करून जीभ भाजून घेतली.

आगटी मधे असल्यामुळं ऐकू दोन्हीकडचं येत होतं. आमच्याकडं बायका आहेत, म्हणजे कुणी नाहीच, असं धरून पलीकडं मोकळेपणानं बोलणं चाललं होतं. मुंबईहून आलेला एक पांढऱ्या शर्टातला पाहुणा होता, सगळे त्याला साहेब म्हणत होते. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर अण्णांनी आवाज खाली घेतला.

"साहेब, सव्वीसचं काय? नावं कुणाकुणाची हायत?"

साहेबानं हातातला हुरडा तोंडात टाकला, चावला, गिळला. म्हणाला, "अहो अण्णा, मी तर तुम्हाला विचारायला आलो. वर म्हणतात, खालून नावं येतील."

"आन् आम्ही खाली बसलोय वरून येतील म्हणून!"

आंब्याखाली जोरात हशा पिकला. मग जिल्हा मागणाऱ्या उदगीरचं झालं, अंबाजोगाईचं झालं. एका माणसाच्या मळ्याकडं जाणारा रस्ता दोन वाक्यांत मंजूर झाला, तेवढं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं. सुजाता कणीस हातात धरून नुसती बसली होती. आमच्या भागाचं नाव कुणी घेईल म्हणून ती वाट बघत होती. दुपार झाली, भाकरी-पिठलं झालं, ताक झालं, एकदाही कुणी नाव घेतलं नाही. ते लोक आमच्या विरोधात असते तरी बरं वाटलं असतं. आम्ही त्यांच्या ध्यानातच नव्हतो.

"पाच वर्षं दाराबाहेर उभी राहून विचार करत होते, आत काय शिजतं," ती हळूच म्हणाली. "कदाचित तिकडंही हेच असेल. दोन वाक्यांत कुणाचातरी रस्ता, आणि बाकीचं एकमेकांना विचारणं." आणि तिनं पदरासारखी ओढणी तोंडाला लावली.

शेजारी एक बाई बसल्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा, सगळ्यांत जास्त हुरडा त्यांनीच खाल्ला होता. शैला त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत होती. नवरा आंब्याखाली, आणि या स्वतः सरकारी आरोग्य खात्यात मोठ्या जागेवर. त्यांनी विचारलं, "काय झालं गं पोरी?"

सुजातानं सगळं सांगितलं. बाप, गाडी, मशीन, जिल्हा.

"मशीन मागितली का कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मॅडम, तीस वर्षं बाबा अर्ज देतायत!"

"कशाचा?"

"जिल्ह्याचा."

"तो माझ्या टेबलावर येत नाही," त्या हात झटकत म्हणाल्या. "आमच्याकडं मशीनी येतात त्या, ज्या दवाखान्यातनं मागणी आली, लोकांनी सह्या करून अर्ज दिला, त्यांना देतो. त्याला जिल्हा कशाला पाहिजे? खोली पाहिजे, वीज पाहिजे, पाणी पाहिजे, आणि एक अर्ज पाहिजे. तुमच्याकडनं आजवर एक कागद आला नाही. मी समजत होते, तिकडं पेशंटच नाहीत."

सुजातानं वही उघडून चारही गोष्टी लिहून घेतल्या. तीस वर्षं! आंब्याखाली तेव्हा पत्ते काढले होते.

मंगळवार, नांदेड

भाऊजींना हे सांगायचं कसं? मी ठरवलं, डायलिसिसवर असतानाच सांगायचं. चार तास हात बांधलेला, पळून जायची सोय नाही. सुजातानं पार्टीचं सगळं सांगितलं, नाव कुणी घेतलं नाही हेही सांगितलं. मी डोळ्यांनी खुणावत होते की तेवढं वगळ. तिनं वगळलं नाही. डॉक्टरीणबाईंचंही सांगितलं.

भाऊजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मशीन गरगरत होतं. मग म्हणाले, "माणूस उपाशी हाय, भाकर मागायची, तर मी शेत मागत बसलो." आणि पुढं म्हणाले, "माझ्याबरोबर मशीनवर जात होता तो इस्लापूरकडचा मास्तर. तोबी गेला ना, मास्तरीणबाई, मागच्या पावसाळ्यात." मी त्यांचे पाय चेपत बसले. तीस वर्षांच्या नात्यात मी मेहुणी म्हणून त्यांची फक्त थट्टा केली होती, पाय पहिल्यांदाच चेपले.

बुधवार, पुन्हा जंगलात

मशीन आलं का, असं आता जो तो विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकते. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात खोली मिळाली आहे, तिला रंग लागला आहे, मशीन निघालंय असं पत्र आलं आहे. निघालेलं मशीन कधी पोचेल ते मी लिहीत नाही, दृष्ट लागेल. सव्वीस जानेवारी आली आणि गेली. जिल्हा कुणाचाच झाला नाही.

बुधवारी समितीची बैठक भाऊजींच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली भरली. दार उघडं, रस्त्यानं जाणारा येणारा आत डोकावतोय, दोन शेरडं मधेच फिरतायत. भाऊजींनी सगळ्यांना जय भीम, रामराम केलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "औंदाच्या निवेदनात जिल्हा लिहायचा न्हाई. मशीन लिहायची."

गलका झाला. नामदेवराव उठले. तीस वर्षांची सगळी निवेदनं त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरातली. "गौतम, आरं काय बोलून राहिला? जिल्हा सोडायचा? लोक म्हणतील, अध्यक्षानं सोताच्या किडनीसाठी जिल्हा इकला!"

सुजाता उठायला लागली, मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. हे उत्तर तिनं द्यायचं नव्हतं.

भाऊजी ओट्याला धरून खाली बसले. उभं राहवत नव्हतं. म्हणाले, "म्हनू दे. नामदेवा, जिल्हा लेकरं मागतील, नातवं मागतील, त्याला लई वरसं पडली हायत. मला वरसं न्हाईत. तुझ्या घरात साखरेचे दोन पेशंट हायत, उद्या त्यांच्या किडन्या गेल्या तर त्यांना गाडीत तू बसवून देशील का? मला मरायची भीती न्हाई. पण मला गाडीत मरायचं न्हाई. हितं मरायचं हाय, आन् त्याच्या आधी हितं चार वरसं जगायचं हाय. लिहितो का न्हाई?"

नामदेवराव खाली बसले. मग चष्मा पुसला, मांडीवर पाटी घेतली, कोरा कागद लावला. वरचा "जिल्हा निर्मिती कृती समिती" हा शिक्का मारायला हात गेला, तो त्यांनी मागं घेतला. "प्रति" लिहिलं. मग नेहमीच्या सवयीनं मान वर न करता विचारलं, "विषय काय लिहू?"

भाऊजी त्यांच्याकडं बघत राहिले आणि एकदम दोघंही म्हातारे डोळे पुसायला लागले. नामदेवरावांनी नाक ओढलं, बाही फिरवली, आणि कुणाला न विचारता आपल्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं:

"विषय : आमच्या माणसांना आमच्या गावातच जगू देणेबाबत."

पहिली सही सुजातानं केली.